डावीकडची दोन बोटं जागा

भाऊ,

तुझी तेरवी आटोपून मी काल अकोल्याला परत आले. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं आले, मग एका बाईनं सरकून टेकण्यापुरती जागा दिली. मांडीवर तुझा डबा होता. निघताना वहिनीनं हातात ठेवलेला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, वरून सुतळी बांधलेली. आत काय आहे ते विचारावं लागलं नाही. जरा हलवला तर तुझ्या डीव्हीड्या खुळखुळल्या. घरी येऊन तो फ्रिजवर ठेवला आणि पलंगावर पडले, ती आज सकाळीच उठले.

मी फार थकले आहे रे. रडायलाही जमलेलं नाही. तेरा दिवस तुझ्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा केला, कोणाला बिनसाखरेचा, कोणाला बिनदुधाचा, आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, ‘हो, अचानकच.’ तू असतास तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला असतास, ‘मंदे, चहा करता करता रडाचं राहूनच गेलं का वं तुहं?’ हो, राहूनच गेलं. हॉलमध्ये तुझा फोटो लावला होता, त्याला हार होता, आणि मला सारखं वाटत होतं की फोटो किंचित डावीकडे कललेला आहे. तू असतास तर गवंड्यासारखी पातळी लावून सरळ केला असतास. मी नाही केला.

आज शाळेत गेले नाही. आमचे हे कोर्टात कामावर गेलेत. अनू पुण्याला, तिच्या नोकरीवर. घरात मी आणि कूलरचा आवाज. तर आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिणं होणार नाही. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले होते. ‘तिसरा’ म्हटलं होतं. तुला आठवत असेलच, तुला सगळं आठवायचं. मला ते कालपर्यंत इतकं बारीक वाटायचं की त्याला खोटं म्हणायचीही लाज वाटावी. आज तसं वाटत नाही.

सुरुवात माझ्या लग्नापासून करते, कारण तुझी डीव्हीडी तिथूनच सुरू होते.

तुझ्या कॉलेजातल्या एका सरांचा व्हिडिओ कॅमेरा तू मागून आणला होतास आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात स्टँडमागे एक डोळा मिटून उभा होतास. नवरदेवाचा कान पिळायला तुला ओढत आणावं लागलं. तो कसाबसा पिळलास आणि पुन्हा पळालास. पाहुणे हसत होते. प्रयोगशाळेतला माणूस, म्हणत होते, लग्नातही प्रयोगच करतोय.

आणि आई. आपल्याकडे लेकीच्या अक्षता आईनं पाहू नयेत. कन्यादानाला बसावं, सगळं करावं, पण मंगलाष्टकं सुरू झाली की उठून जावं आणि मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत राहावं. दृष्ट लागते म्हणे, आणि ती आईचीच. मी आदल्या दिवशी तिच्या मागे लागले होते. ‘आई, एकदा पाहा ना. मी काय पुन्हा करणार आहे लग्न?’ ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘गप बस वं. रीत हाये ते.’ दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला तेव्हा मी मान वाकडी करून पाहिलं, तर मांडवाच्या डाव्या हाताच्या दारातून तिची पाठ बाहेर जाताना दिसली. जांभळी साडी, हातात तांब्या. कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळस होती. मनात म्हटलं, घाल पाणी.

ते मी विसरले नाही. एरवी गॅसवरचं दूध विसरते, पण राग विसरत नाही, हा माझा गुण तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी माझं पहिलं बाळ गेलं. सातव्या महिन्यात. आई महिनाभर अकोल्याला येऊन राहिली, माझं सगळं केलं. आणि एका दुपारी काहीतरी क्षुल्लक कारणावरून मी तिच्यावर ओरडले. ‘तुले तुही रीत मोठी, लेक नाही. तू तर माहं लग्नही पाह्यलं नाहीस.’ बाळाचा त्याच्याशी काय संबंध होता? काहीही नाही. पण दुखणं होतं तिथून निघालं आणि सापडलं तिथं जाऊन बसलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मला वाटलं आता बोलेल. मग लाटणं पुन्हा सुरू झालं.

हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला ते माहीत होतं, हे मला आज दुपारी कळलं.

मग मध्ये पाचसहा वर्षं गेली. अनू झाली, शाळेत जायला लागली, बाबा गेले. तू कॉम्प्युटर घेतलास, कोणाकडून तरी त्यात व्हिडिओ घ्यायचं कार्ड बसवून घेतलंस आणि घरातल्या सगळ्या टेपा डीव्हीडीवर उतरवायचा सपाटा लावलास. लग्नाची पहिली डीव्हीडी तू मोर्शीच्या संत्र्यांच्या पिशवीत घालून कोणाजवळ तरी पाठवलीस. संध्याकाळी आम्ही ती लावली. तू सुरुवातीला मोठ्या हौसेनं सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’ लिहिलं होतंस. आमच्या टीव्हीवर ते ‘भविवा’ एवढंच आलं. पहिलं अक्षर डावीकडे गेलं, शेवटचं उजवीकडे, आणि खाली आमची नावं होती त्यांचे नुसते माथे दिसत होते. हे हसून हसून लोळले. पुढं वर्षभर आमच्या लग्नाला घरात भविवाच म्हणत होतो.

मी फोनवर तुला सांगितलं. मला वाटलं तूही हसशील. तू विचारलंस, ‘किती कापल्या जाते?’

‘म्हणजे?’

‘अवं, किती? बोटभर का दोन बोटं?’

आणि मग तू मला अर्धा तास समजावलंस. चित्र पूर्ण असतं, पण टीव्ही ते पूर्ण दाखवत नाही. कंपनीवाले मुद्दामच चित्र काचेपेक्षा मोठं पाडतात, म्हणजे कडेचं वेडंवाकडं झाकलं जातं. ब्लाउज शिवताना शिंपी कडेनं माया ठेवतो ना, तसं. ते कापड असतं, पण शिवणीच्या आत असतं. कॉम्प्युटर मात्र सगळं दाखवतो. म्हणून तुझ्या कॉम्प्युटरवर ‘शुभविवाह’ आणि माझ्या टीव्हीवर ‘भविवा’. ‘म्हणजे टीव्ही खराब नाही?’ मी विचारलं. ‘टीव्ही हावरट हाये,’ तू म्हणालास. ‘ताटातलं कडेचं आधी खाते.’

उपाय तुझ्याकडे होता. चित्रच थोडं लहान करायचं आणि भोवती काळी चौकट सोडायची. टीव्हीला जे खायचं ते काळं खाऊ दे, चित्राला तोंड लावू नको. दुसरी डीव्हीडी तशी आली. ‘शुभविवाह’ पुरतं दिसलं, काठोकाठ. मी फोन केला, म्हटलं, झालं बाबा, सुटलो.

तू म्हणालास, ‘डाव्या हाताचं दार दिसते का?’

‘कोणतं दार?’

‘मांडवाच्या डाव्या अंगाले. मंगलाष्टकं चालू असतात तवा. पुरं दार दिसलं पायजे.’

‘भाऊ, माहं लग्न दाराशी लागलं का?’

‘तू पाह्य तर खरं.’

दार अर्धंच दिसत होतं. अर्धंही नाही, नुसती चौकट. मी तसं सांगितलं. तू म्हणालास, ‘नाही चालत.’ तिसरी डीव्हीडी आली. त्यात चित्र आणखी लहान. मी तिची नुसती सुरुवात माझ्या नणंदेकडे लॅपटॉपवर पाहिली, तर चहूबाजूंनी हे जाड काळं. तुला चिडवलं, ‘लग्नाच्या सीडीले श्रद्धांजलीची चौकट काहून लावली बे?’ परवा पेपरात तुझा फोटो आला तेव्हा ते आठवलं. वहिनीनं मला पेपर दाखवला आणि मी पेपर घडी करून ठेवला.

मला वाटायचं हे तुझं नेहमीचं वेड आहे. वहिनी म्हणायचीच, ‘भाजीत मीठ नसलं तर चालते यायले, पण रेघ वाकडी चालत नाई.’ तूच तो, ज्यानं अनूच्या बारशाला पाळण्याच्या दोऱ्या पट्टीनं मोजल्या होत्या. तेव्हा दार तर दार, म्हटलं, याला करू दे.

मग तू ती तबकडी पाठवलीस. वर निळ्या मार्करनं एकच शब्द, ‘माप’. तुझ्या टीव्हीवर सगळं नीट दिसत होतं, माझ्यावर नव्हतं, म्हणजे माझा टीव्ही जास्त खातो, आणि किती खातो ते कळल्याशिवाय तुला चौकट नेमकी करता येईना. त्या डीव्हीडीत लग्न नव्हतं. नुसते एकात एक चौकोन होते आणि प्रत्येकावर आकडा. सगळ्यात बाहेरचा पहिला, मग दुसरा, असे आठ. ‘कोणता चौकोन चारही बाजूनं पुरा दिसते, बाहेरून पहिला, तेवढं सांग मले. आकडा सांग फक्त.’ एवढंच काम. पाच मिनिटांचं.

त्या महिन्यात सासूबाई पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. भांडं द्यायचं, काढायचं, अंग पुसायचं, सगळं मीच. वर शाळेच्या परीक्षा, पेपरांचा गठ्ठा. अनूला ताप. ‘माप’ फ्रिजवर पाकिटात पडून होतं आणि त्यावर पिठाचा हात लागलेला होता. तू एकदा फोन केलास, मी म्हटलं लावते. दुसऱ्यांदा केलास, मी म्हटलं उद्या. तिसऱ्यांदा केलास तेव्हा माझ्या एका हातात सासूबाईंची चादर होती.

‘लावली का?’

‘हो.’

‘कोणता दिसते?’

‘तिसरा.’

‘पक्का?’

‘अरे हो ना. तिसरा.’

‘मोजला ना तू?’

‘मोजला.’

तिसराच का म्हटलं, यावर आज खूप विचार केला. पहिला म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं. आठवा म्हटलं असतं तर तू घाबरून आणखी दोन डिस्का पाठवल्या असत्या. तिसरा ऐकायला मोजल्यासारखा वाटत होता. मी शाळेत मुलांची अशी उत्तरं ओळखते. न करता आणलेल्या गणिताचं उत्तर नेहमी असं मधलंच असतं.

त्या ‘तिसऱ्या’च्या मापानं तू डीव्हीडी बनवलीस. तिच्यावर ‘लग्न, शेवटची’ असं लिहिलंस. ती मात्र मी लावली, शपथेवर सांगते, पण लावून कणीक मळायला गेले. तुझा फोन आला.

‘पाह्यलं?’

‘पाह्यलं.’

‘मंगलाष्टकं पाह्यली? डावीकडे पाह्यलं?’

‘पाह्यलं रे बाबा. छान झालं.’

  तू म्हणालास, ‘बरं. ठीक हाये मंदे. जाऊ दे.’

त्यानंतर तू त्या डीव्हीडीचं नाव काढलं नाहीस. मला सुटल्यासारखं झालं. पण तू आईबद्दलही माझ्याशी कमी बोलायला लागलास, हे माझ्या लक्षात आलं होतं, फक्त या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आई त्यानंतर सहा वर्षं होती. मी येत होते, जात होते, तिच्या गोळ्या आणत होते, पाय चेपत होते. सगळं करत होते, तिनं माझ्या लग्नात केलं तसंच. आणि ती गेली तेव्हा मी रडले नाही. तू अंगणात माझ्याजवळ आलास आणि हळू आवाजात म्हणालास, ‘दगड हायेस तू, मंदे.’

ते वाक्य मी तुला माफ केलं नव्हतं. भाऊबीजेला ओवाळत होते, पण माफ केलं नव्हतं. आता कळतंय की तुला काय वाटत होतं. तुला वाटत होतं की मी पाहिलं आहे. पाहिलं, आणि तरीही आईशी अबोल्यासारखी वागले. पाहिलं, आणि तरीही डोळ्यात पाणी नाही. अशा बहिणीला तू एकच वाक्य बोललास, ते कमीच बोललास.

गेल्या भाऊबीजेला तू आलास तेव्हा हॉलमध्ये नवा मोठा टीव्ही होता. तू त्याच्याकडे बघत होतास, बातम्यांकडे नाही, बातम्यांच्या कडांकडे. खालची पट्टी अर्धी कापली जात होती. यांना काळ्या पट्ट्या आवडत नाहीत, म्हणून हे टीव्ही कायम झूम करून ठेवतात. तू विचारलंस, ‘जुना कुठी हाये?’ म्हटलं, गच्चीवरच्या खोलीत. मग करंजी तोडता तोडता, अगदी सहज, तू म्हणालास, ‘मंदे, तवा खरंच मोजला होता का वं तू?’

मला कळलं तू काय विचारतोयस. आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी मीच उसळले. ‘पुरे कर ना भाऊ आता! कोण पाह्यते लग्नाच्या डीव्हीड्या? त्यातले निम्मे लोक मेले.’

तू म्हणालास, ‘म्हणूनच तर.’

बस, एवढंच. आपलं शेवटचं भांडण ते. ते भांडण मी जिंकले असं मला तेव्हा वाटलं होतं, कारण तू विषय सोडलास आणि करंजी पूर्ण खाल्लीस.

आज सकाळी डबा उघडला. आपल्या सगळ्या जुन्या डीव्हीड्यांच्या तुझ्याकडच्या जोड्या होत्या. एक, दोन, तीन, ‘माप’, ‘शेवटची’. आणि एक नवी होती, ‘लग्न, पुरी’. तिच्या पाकिटात चिठ्ठी. तुझं ते डोक्यावर काटकोनात रेघ मारलेलं अक्षर.

‘मंदे, यात चौकट नाही. टेपवर होतं तेवढं सगळं आहे. नव्या टीव्हीचं झूम काढजो. मंगलाष्टकं लागली की डावीकडचं दार पाहजो. मी काही सांगितलेलं नाही.’

माळ्यावरून जुना डीव्हीडी प्लेअर काढला, वायरी जोडल्या. तांबडी तांबड्यात, पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, तू शिकवलं होतंस. ‘भविवा’ आलं. इतक्या वर्षांनी पुन्हा भविवा. मी एकटीच हसले. मग रिमोट घेतला, पिक्चरमध्ये गेले, ‘झूम’ होतं ते पुढं पुढं सरकवत ‘ओरिजिनल’वर आणलं. चित्र आक्रसलं, दोन्ही बाजूंना काळं आलं आणि ‘शुभविवाह’ पुरतं दिसलं. कडेला टेपची फाटल्यासारखी थरथरही दिसली, जी झाकायची म्हणून कंपनीवाले एवढा खटाटोप करतात.

मंगलाष्टकं लागली. मी आणि हे अंतरपाटाच्या दोन बाजूंना. माझी मान वाकडी झालेली दिसते. तेवढ्यात डावीकडून जांभळी साडी बाहेर गेली. हे मला ठाऊकच होतं. मी तशीच पाहत राहिले. टेपमधली मी मान सरळ करून अंतरपाटाकडे बघते, आणि मी मान सरळ केल्यावर, भाऊ, ती परत येते.

दारात उभी राहिली. अर्धी आत, अर्धी बाहेर. चेहरा नीट दिसत नाही, टेप जुनी आहे, पण पदर तोंडाशी धरायची तिची पद्धत मी हजारात ओळखीन. एका हातात तांब्या. तोंड माझ्याकडे. पहिल्या ‘सावधान’पासून शेवटच्यापर्यंत ती तिथंच उभी आहे. मध्ये कोणीतरी पाहुणा त्या दारातून आत आला, तेव्हा झटकन पाठ करून तिनं तांब्या कलता केला आणि पाणी सरळ फरशीवर सांडलं. तुळस तिथून कुठं! पाहुणा पुढं गेल्यावर पुन्हा वळली. आयुष्यात एक चोरी केली, तीही धड जमली नाही तिला. आणि शेवटच्या सावधानला तिनं मूठ उचलली आणि आमच्याकडे फेकली. ज्वारीच्या अक्षता असतील. आम्ही तिथून चांगले वीस पावलांवर. तिच्याच पायाशी पडल्या असणार. टेपवर अक्षता दिसत नाहीत. नुसता हात वर गेलेला दिसतो.

मग वाजंत्री, टाळ्या, सगळे उठले, आणि ती दारातून गेली.

किती वेळा मागं नेऊन पाहिलं ते सांगत नाही. वहिनीला फोन केला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, ‘पाह्यलं का ताई?’ म्हटलं, पाह्यलं. मग तिनं सगळं सांगितलं. टेप कॉम्प्युटरवर घेतली त्या दिवशी तुलाच पहिल्यांदा ते दिसलं. त्याआधी टेप कितीदा टीव्हीवर पाहिली होती, पण टीव्हीनं आईला आत येऊच दिलं नव्हतं. तू हौसेनं आईला बोलावून दाखवलंस. तुला वाटलं ती लाजेल. झालं उलटंच.

‘सासूबाई म्हणे, लेक मले म्हणते तू लग्न पाह्यलं नाहीस, अन् मी पाह्यलं म्हणूनच तिचं लेकरू गेलं,’ वहिनी सांगत होती. ‘यायले म्हणे, तिले सांगू नोको, माही शपथ हाये तुले. लय रडल्या. मग हे काय सांगतीन? पण मले म्हणत, सांगू नोको म्हटलं आईनं, दाखवू नोको असं थोडीच म्हटलं. दिवाळीहून आल्यावर दोन दिवस बसले कॉम्प्युटरपाशी. पाठवतो, पाठवतो म्हणत राह्यले.’

बाळ तिच्या पाहण्यानं गेलं नव्हतं, भाऊ. मला बीपी होतं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. आईला ते मी कधी सांगितलं नाही, कारण तिनं कधी विचारलं नाही, आणि मला काय ठाऊक की ती कशाचं ओझं घेऊन पोळ्या लाटत बसली आहे. मी म्हणत होते, तू पाहिलं नाहीस. तिला वाटत होतं, मी पाहिलं म्हणूनच. एकाच स्वयंपाकघरात, चार फुटांवर. मी एक वाक्य बोलले असते तर ते ओझं उतरलं असतं. त्यासाठी मला फक्त ती दारात दिसायला हवी होती. ती दिसावी म्हणून तू पाच डीव्हीड्या केल्यास. आणि मी न पाहता म्हटलं, तिसरा.

तिच्याकडे सहा वर्षं होती तेव्हा.

तुझ्यावर रागही आहे, तो लपवत नाही. शपथ मोडली असतीस तर काय झालं असतं? त्या अंगणात ‘दगड हायेस’ म्हणण्याऐवजी ‘ते दार पाह्यलं का’ एवढं विचारलं असतंस तर? आपलं घरच असं. आई रीत सोडेना, तू शपथ मोडेना, आणि मी तर काय, माझं बोलायलाच नको. पण तू निदान शपथेच्या कडेकडेनं वाट काढत राहिलास. माझ्यासाठी इतकी मापं कोणी काढली नाहीत, भाऊ. आईबापांनी नाही, नवऱ्यानं नाही. अंगाच्या ब्लाउजचीसुद्धा नाही.

आणि एक. त्या सगळ्या टेपमध्ये तू कुठंच नाहीस. मी आज तेही पाहिलं. कान पिळायला आलास तेवढाच, तोही पाठमोरा. बाकी वेळ तू माझ्या समोर स्टँडमागे उभा होतास आणि आई तुझ्या डाव्या कडेला. लग्न लागताना माझी दोन्ही माणसं माझ्याकडेच पाहत होती, आणि मला वाटत होतं कोणीच पाहत नाही.

आता पाय दुखतायत. तरी दुपारी मी एक काम केलं. गच्चीवरच्या खोलीत गेले. जुना टीव्ही चादरीखाली होता, चादरीवर धूळ. प्लेअर वर नेला, वायरी जोडल्या. टीव्ही लागेल असं वाटलं नव्हतं. आधी नुसता गुणगुणला, मग मधोमध एक उजेडाची रेघ आली, मग हळूहळू सगळा पडदा उजळला. तुझं ‘माप’ लावलं. पाकिटावर मी अजून माझ्या पिठाच्या बोटांचे डाग शोधत होते, पण ही तुझ्याकडची जोडी, स्वच्छ होती.

चौकोन आले. पांढऱ्या रेघा, प्रत्येकीवर आकडा, तुझ्यासारखाच सरळ. मी स्टूल ओढून समोर बसले आणि बोट लावून मोजले. पहिला नाही. दुसरा नाही. तिसऱ्याचं नावनिशाण नाही. चौथ्याची वरची रेघ जेमतेम दिसते, डावीकडची नाही. चुकायला नको म्हणून उठून चष्मा आणला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पाचवा, भाऊ. चारही बाजूंनी पुरा दिसतो तो पाचवा. पक्का. मोजला मी.